मेख न ठोकता उभा राहणारा तंबू

तेंदूपत्त्याचा हंगाम संपत आला होता. आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला आणि त्याने एक छापील जाहिरात पुढे ठेवली. पत्ता तोडून, पुडके बांधून त्याने काही पैसे साठवले होते. त्यातले तीन हजार रुपये तंबूवर घालायचा त्याचा विचार होता. हिवाळ्यात पाठीवर सामान घेऊन एकट्याने पायी फिरायचे, नवेगावबांधहून निघून इटियाडोह, गोठणगाव, प्रतापगड असे गावोगाव मुक्काम करत जायचे, असा त्याचा बेत होता. जाहिरातीत तंबूच्या चित्राखाली 'फ्रीस्टँडिंग' असा शब्द होता. त्याने विचारले, "सर, फ्रीस्टँडिंग म्हणजे काय? आणि त्यासाठी पाचशे रुपये जास्त का द्यायचे?"

प्रश्न साधा होता, पण आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. आम्ही स्काउटच्या कॅनव्हासच्या तंबूत वाढलेले. मधे खांब, चारही बाजूंना दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकांना मेखा, हाच आमच्या डोळ्यांपुढचा तंबू. मेख न ठोकता तंबू उभा कसा राहील? उत्तर शोधताना आम्ही बरेच मागे, पार अकबराच्या छावणीपर्यंत गेलो. तिथून सुरुवात करू.

अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त बादशाही छावणीचे तपशीलवार वर्णन दिले आहे. एका छावणीचे सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० भोई लागत. तंबू उभारणारे फराश एक हजार, शिवाय जमीन सारखी करणारे ५००, पाणके १००. असे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामावर असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामावर उभा होत असे. या यादीतला 'रावटी' हा शब्द मराठीत 'राहुटी' होऊन राहिला. कनात, डेरा, शामियाना हेही त्याच छावणीच्या बोलीतले शब्द. आज आपण ते लग्नाच्या मांडवाला वापरतो, एवढाच फरक.

मराठी फौजांची सुरुवातीची ताकद नेमकी याच्या उलट गोष्टीत होती. सामान थोडे आणि वेग जास्त. पुढे डेरे, शामियाने, बाजारबुणगे यांचे ओझे वाढत गेले. १७६० च्या उत्तरेकडच्या मोहिमेत ते किती वाढले होते, हे इतिहासाच्या शिक्षकांना सांगायला नको. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यात या फिरत्या शहराचे चित्र दिसते. बिनीवाला पुढे जाऊन जागा निवडतो, निशाण रोवतो आणि मग मागून येणारे सगळे आपापल्या ठरलेल्या जागी तंबू ठोकतात.

'ठोकतात' हे क्रियापद लक्षात ठेवण्यासारखे आहे. मराठीत तंबू 'ठोकतात', कारण मेखा ठोकल्याशिवाय तो उभा राहत नसे. तंबूच्या दोरीला आपल्याकडे 'तणावा' म्हणतात. या तंबूचे यांत्रिकी थोडक्यात असे: मधला खांब दाबाखाली असतो, कापड आणि तणावे ताणाखाली असतात, आणि तणाव्याचे दुसरे टोक जमीन धरून ठेवते. म्हणजे जमीन ही तंबूचाच एक भाग आहे. मेख उपटली की खांब कितीही मजबूत असला तरी सगळे खाली येते.

या तणाव्यांची आणखी एक भानगड होती. ताग, अंबाडी, सूत यांचे पीळ घातलेले दोर ओले झाले की तंतू फुगतात, पीळ घट्ट होतो आणि दोराची लांबी कमी होते. त्यामुळे पाऊस आला की रात्री उठून तणावे सैल करावे लागत. नाहीतर मेखा उपटत किंवा कापड फाटे. दोर आखडण्याचा हा गुण अकबराच्या महसूल खात्यालाही नडला होता. जमीन मोजायचा 'तनाब' दोराचा असे आणि तो ओला-सुका होईल तशी जमीन कमी-जास्त भरे. म्हणून १५७५ च्या सुमारास त्याऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची मोजपट्टी आली. वर्गात हा प्रयोग सहज होतो. सुतळीचा मीटरभर तुकडा वजन लावून टांगावा, त्यावर पाणी शिंपडावे आणि वजन किती वर सरकते ते पट्टीने मोजावे. नायलॉनच्या दोरीचे मात्र उलटे होते. ती ओली झाली की थोडी लांबते. म्हणून आजच्या नायलॉनच्या तंबूत पावसात दोऱ्या सैल नाही, उलट ताणून घ्याव्या लागतात. आमच्यासारखी जुनी माणसे इथे सवयीने चूक करतात.

हे झाले फौजांचे. आपल्या गावाबाहेर दिसणारे भटक्या लोकांचे पाल हेही याच कुळातले. दोन मेढी, वर आढे, त्यावर कापड किंवा चवाळे, आणि कडा दोरीने मेखांना बांधलेल्या. १८७१ च्या कायद्याने यातल्या अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला, निदान कागदावर. त्यांच्यासाठी पाल हे घर आहे, आणि आम्ही इथे सहलीच्या तंबूची चर्चा करतो आहोत, याचे भान ठेवूनच पुढे जायला हवे. पण एक गोष्ट इथे स्पष्ट होते. पालाचे ओझे गाढव वाहते, डेऱ्याचे हत्ती आणि उंट वाहतात. तंबूचा आकार-प्रकार ठरतो तो बऱ्याच अंशी ओझे कोणाच्या पाठीवर आहे यावरून. ते एकट्या माणसाच्या पाठीवर आले की सगळा हिशेब बदलतो.

हा बदल युरोपातल्या गिर्यारोहकांनी पहिल्यांदा मनावर घेतला. एडवर्ड व्हिम्पर १८६० च्या दशकात मॅटरहॉर्न चढायच्या खटपटीत होता. त्याने स्वतःसाठी चार माणसांचा तंबू बेतला. दोन्ही टोकांना लाकडी काठ्यांच्या कैच्या आणि तळाला शिवून टाकलेले जाड कापड. वजन सुमारे १० किलो. तळ शिवून टाकणे ही त्या वेळी साधी सोय वाटली असेल, पण पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ तिथे आहे. नंतर ममरीने रेशमी कापड आणि खांबांच्या जागी बर्फाच्या कुऱ्हाडी वापरून तंबूचे वजन दोन किलोंच्या आत आणले. एकट्या माणसाला हा पेलणारा होता. पण कुऱ्हाडीच्या आधाराचा तंबूही तणाव्यांशिवाय उभा राहत नाही.

मग मेख न ठोकता उभा राहणारा तंबू कोणी शोधला? खरे तर कोणीच नाही. तो फार जुना आहे. मध्य आशियातल्या पशुपालकांची गोल घरे, ज्यांना युर्त किंवा गेर म्हणतात, लाकडी जाळीच्या भिंतींवर आपली आपण उभी राहतात. आणि आपल्याकडे पाहायचे तर बुरडाच्या घरी जावे. कोंबड्या झाकायचे डालगे उपडे ठेवा. ते उभे राहायला मेख लागते का? छकड्यावरचा बांबूच्या कमानींचा टप घ्या. कमानीची दोन्ही टोके गाडीच्या बाजूंना बांधलेली असतात म्हणून ती फाकत नाही आणि वरचे छप्पर तोलून धरते.

हेच तत्त्व धनुष्यात आहे. काठी वाकवून दोरी बांधली की काठी सरळ व्हायला पाहते आणि दोरी तिला धरून ठेवते. काठी दाबली-वाकवली जाते, दोरी ताणली जाते, आणि दोघांचा तोल आपसातच साधतो. बाहेरून कोणी धरावे लागत नाही. आता अशी दोन धनुष्ये एकमेकांवर आडवी-उभी ठेवा, आणि दोऱ्यांच्या जागी चौकोनी कापड घ्या. काठ्यांची चार टोके कापडाच्या चार कोपऱ्यांत अडकवा. हा झाला आजचा घुमटाकार तंबू. तळाचे कापड हीच दोरी! म्हणून तळ शिवलेला नसेल तर अशा तंबूच्या काठ्या फाकतात आणि तो बसतो. झाडूचे चार लवचीक हीर आणि एक हातरुमाल घेऊन मुलांना हे टेबलावर करायला सांगावे. उभा राहिला की एका बोटाने उचलून दुसरीकडे ठेवता येतो. जाहिरातीतल्या त्या शब्दाचा अर्थ एवढाच: जमिनीने फक्त वजन पेलायचे, ओढून धरायचे नाही.

तत्त्व इतके जुने, तर हलका घुमटतंबू बाजारात यायला १९७० चे दशक का उजाडले? याचे कारण काठीत आहे. वाकलेल्या काठीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. किती टक्के, ते काढायची रीत सोपी आहे: काठीची निम्मी जाडी भागिले कमानीची त्रिज्या. एक मीटर त्रिज्येच्या कमानीत २५ मिलिमीटर जाडीचा बांबू वाकवला तर १२.५ ला १००० ने भागायचे, म्हणजे सव्वा टक्का. एवढ्यात बांबू मोडायच्या बेतात येतो. म्हणूनच बुरूड बांबू चिरून त्याच्या पातळ कांबी करतो. ८ मिलिमीटरच्या काठीत हेच प्रमाण ०.४ टक्के येते. पण आठ मिलिमीटरची, हलकी, तुकड्यांत मोडून पिशवीत घालता येणारी आणि तरीही न तुटणारी काठी हवी तर साहित्य नवे लागते. ते दोन वाटांनी आले. एक काचतंतूंची काठी. ती दोन टक्क्यांच्या आसपास ताण सोसते, स्वस्त पडते. पण भरीव असल्याने जड, आणि तुटली की तिच्या कुसळांनी हात सोलून निघतो. दुसरी जस्त मिसळलेल्या कठीण ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची नळी. हा मिश्रधातू १९३० च्या दशकात जपानमध्ये लढाऊ विमानांसाठी तयार झाला आणि पुढे अमेरिकेत ७०७५ या क्रमांकाने ओळखला गेला. तो सुमारे ०.७ टक्क्यापर्यंत वाकून परत सरळ होतो. पोकळ असल्याने हलका, पण महाग. कापडाची गोष्टही अशीच. १९३५ मध्ये कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले, युद्धात त्याची हवाई छत्री झाली आणि युद्धानंतर तंबू.

१९५४ मध्ये बकमिन्स्टर फुलरला त्रिकोणांच्या जाळीच्या घुमटाचे पेटंट मिळाले. त्याच्या विचारांचा प्रभाव घेऊन १९७५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ फेस कंपनीने 'ओव्हल इन्टेन्शन' हा तंबू बाजारात आणला. वाकवलेल्या काठ्या एकमेकींना अनेक ठिकाणी छेदतात, त्यामुळे काठीचा आधार नसलेला भाग लहान होतो आणि वारा तिला फार वाकवू शकत नाही. आजचे बहुतेक घुमटतंबू या ना त्या प्रकारे त्याच वाटेवरचे. आपल्याकडे मात्र ते बरेच उशिरा रुळले. सह्याद्रीतल्या भटक्यांना गडावरची गुहा नाहीतर देऊळ हक्काचे होते. तंबू वाहून नेण्याची गरजच फारशी पडली नाही.

इथे आमच्या विद्यार्थ्याला सांगितलेली एक घटना सांगायलाच हवी. १९६३ मध्ये अमेरिकन तुकडी एव्हरेस्टवर गेली होती. त्यांच्याकडे बाहेरून सांगाडा असलेले, आपले आपण उभे राहणारे तंबू होते. मेच्या मध्यावर पश्चिम धारेवरच्या एका मुक्कामी रात्री वादळ आले. वाऱ्याने दोन तंबू बांधणीसकट उपटले आणि आतल्या सहा माणसांना घेऊन ते उतारावरून शंभरएक मीटर घसरत गेले. सुदैवाने माणसे वाचली. तुकडीतल्या हॉर्नबाइन आणि अनसोल्ड यांनी २२ मे रोजी त्याच धारेने शिखर गाठले, ही पुढची गोष्ट. तंबू उभा राहतो आणि तंबू जागेवर राहतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ६ किलो वजनाइतका, तर ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा २४ किलोइतका. तंबूची वाऱ्याकडची बाजू दोन चौरस मीटर धरली तर ४८ किलो झाले. तंबू स्वतः अडीच-तीन किलोचा. आपल्याकडचा वळवाचा वारा एवढा वेग सहज घेतो. मेख न लागणाऱ्या तंबूलाही वाऱ्यात मेख लागतेच.

मग पाचशे रुपये जास्त द्यावेत की नाही? आम्ही त्याला घेऊन इटियाडोहला गेलो. गाढवी नदीवरचे हे मातीचे धरण १९७० मध्ये पूर्ण झाले. उंची सुमारे ३० मीटर. काठाची जमीन मुरमाड, मधून मधून खडक. आम्ही सोबत शाळेतला जुना तंबू नेला होता. आठ मेखांपैकी तीन आत गेल्या, दोन वाकल्या, बाकीच्या खडकावर वाजत राहिल्या. तंबू शेवटी दगडांना बांधून कसाबसा उभा केला आणि तोही तिरपा.

दुसरे कारण गावांतले आहे. या भागात जंगल व्याघ्र प्रकल्पाचे. वाघ, बिबट, अस्वल यांचे. तिथे मनाला येईल तिथे रात्र काढता येत नाही आणि काढूही नये. एकट्याने फिरणाऱ्याचा मुक्काम गावातच, विचारून, शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर देवळाच्या ओट्यावर व्हायचा. फरशीवर मेख कुठे ठोकणार? आपला आपण उभा राहणारा तंबू मात्र तिथे बाहेरचे कापड काढून नुसता आतल्या जाळीचा उभा करता येतो. म्हणजे चालती-फिरती मच्छरदाणी. धानाच्या बांध्यांच्या या प्रदेशात हिवतापाची आठवण असलेल्या माणसाला तिची किंमत समजावून सांगावी लागत नाही. आमच्या मते पाचशे रुपये इथेच वसूल होतात. कायम मऊ मातीवर मुक्काम करणाऱ्याने ते वाचवावेत. चालायच्या काठ्यांवर उभा होणारा तंबू त्याला हलकाही पडेल.

धरणापासून जवळच गोठणगावची नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. तिबेटच्या पठारावरच्या भटक्या पशुपालकांचा याकच्या केसांचा काळा तंबू ही तणाव्यांच्या कुळाची परमावधी म्हणावी लागेल. त्याचे दोर बाहेरच्या काठ्यांवरून लांब नेऊन ताणलेले असतात, आणि त्या सोसाट्याच्या पठारावर तो टिकतो. तेव्हा ताणलेला तंबू कमी प्रतीचा असे कोणी समजू नये. फक्त तो वाहायला याक हवा.

परत येऊन जाहिरातीतले आकडे तपासले. कापडावर '२०००' लिहिले होते. म्हणजे २००० मिलिमीटर, दोन मीटर उंच पाण्याचा स्तंभ वर उभा केला तोपर्यंत कापडातून पाणी झिरपत नाही. पावसाच्या थेंबांना एवढे पुरते. पण तळाचे काय? ६० किलोचा माणूस गुडघे टेकून बसला तर एका गुडघ्यावर ३० किलो, टेकलेली जागा सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो, म्हणजे सहा मीटर पाण्याचा दाब! ओल्या जमिनीवर गुडघ्याखालून पाणी वर येणारच. उपाय महाग तळाचा नाही. खाली जाड प्लास्टिकचा तुकडा अंथरायचा, मात्र तंबूच्या कडेबाहेर येऊ द्यायचा नाही, नाहीतर पाऊस त्यावर साचून आत शिरतो. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, तेही पाहायचे. सुईची भोके कोणत्याच आकड्यात धरलेली नसतात. आणि सकाळी तंबू आतून ओला दिसला तर तो गळतो असे लगेच म्हणायचे नाही. माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून पाव लिटरभर किंवा जास्तच पाणी बाहेर टाकतो. दुहेरी कापडाचा तंबू असेल तर ते बाहेरच्या थरावर जमते आणि अंथरूण कोरडे राहते. एकेरी कापडाचा तंबू स्वस्त असला तरी आम्ही त्याला तो घेऊ दिला नाही.

काठ्या काचतंतूंच्याच घेतल्या. ॲल्युमिनियमच्या त्याच्या पैशांत बसत नव्हत्या. काठी तडकली तर वर चढवायला वीतभर धातूची नळी सोबत ठेवायची असे ठरले. तंबूबरोबर आलेल्या मेखा आम्ही हाताने वाकवून पाहिल्या आणि वाकल्या. तेव्हा गावातल्या लोहाराकडून जाड सळईच्या वीतभर लांबीच्या सहा मेखा करून घेतल्या, टोकाला आकडा देऊन. सहांचे वजन किलोच्या जवळ गेले. त्याने तराजूत पाहून दोन कमी केल्या, आणि त्यांच्या बदल्यात दगड भरायला युरियाची दोन रिकामी पोती घडी करून घेतली.

पहिली रात्र त्याने आमच्याच शाळेच्या पटांगणात काढली. पहाटे बोलावले तेव्हा तंबू जागेवर होता आणि बाहेरच्या कापडाला आतून हात लावून तो किती पाणी जमले ते पाहत बसला होता.